आधी ओसरीवर बस, मग कॅमेरा काढ

नवा कॅमेरा घेतलास, छान केलंस. पण यादी कुठली केलीस तर अजिंठा, वेरूळ, रायगड! जा की, नको कोण म्हणतंय? फक्त एवढं लक्षात ठेव, त्यांचे फोटो काढणारे हजारो आहेत. आपल्या भंडाऱ्यातल्या कवेलूच्या घरांचे, पवनीच्या घाटांचे, तुमसरच्या जुन्या बाजारओळींचे फोटो काढायला मुद्दाम कोण येतंय? ते काम तुझं-माझंच. म्हणून चार गोष्टी सांगते, पटतील तेवढ्या घे.

पहिली गोष्ट, फोटो कशासाठी काढायचा ते आधी ठरव. चारचौघांनी वाहवा करावी असा फोटो वेगळा, आणि ते घर पडल्यावर ते कसं होतं हे सांगणारा फोटो वेगळा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने जुन्या दाट वस्त्या पाडायला घेतल्या, तेव्हा १८६८ ते १८७१ या काळात टॉमस अ‍ॅनन नावाच्या फोटोग्राफरकडून त्या बोळांचे फोटो काढून घेतले. वस्त्या गेल्या. त्या कशा होत्या हे आज कळतं ते त्या फोटोंमुळे. आपल्याकडे नगरपरिषद असा फोटोग्राफर नेमेल याची वाट बघत बसू नकोस. भंडाऱ्यातला पांडे महाल जतन व्हावा म्हणून शहरात मागणी तरी झाली; साध्या वाड्यासाठी कोणी निवेदन घेऊन जात नाही.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. लहान गावात कोणी अनोळखी मुलगी घराचे फोटो काढते म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. मोजणीवाली आहे का? बिल्डरने पाठवली का? जुन्या वाड्यात चार भावांचे चार हिस्से असतात, कोर्टात तारखा चालू असतात. तुझ्या फोटोत कोणाची नवी भिंत आली आणि तो फोटो उद्या भाऊबंदकीत पुढे आला तर? म्हणून कॅमेरा पिशवीतच राहू दे. ओसरीवर बस, चहा घे, कोणाची कोण ते सांग. काकाजी ‘काढ बाई’ म्हणाले तरी माजघरातल्या मावशींना वेगळं विचार. देवघर, वाळत घातलेले कपडे, खाटेवर पडलेलं आजारी माणूस, हे चौकटीत घ्यायचं नाही. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला १९५७चा कॉपीराइट कायदा आड येत नाही, पण उंबऱ्याच्या आत घरच्यांचीच मर्जी चालते. आणि भंडाऱ्याच्या किल्ल्यात कारागृह आहे, तिकडे कॅमेरा रोखायचाच नाही.

एक मात्र आपल्या बाजूचं आहे. फोटो काढणारे पुरुष बहुतेक दिंडी दरवाज्यापाशीच अडतात. आपल्याला चूल, न्हाणी, परसातली विहीर, बायकांचा मागचा जिना इथपर्यंत जाता येतं. वाड्याचं निम्मं आयुष्य तिथेच गेलेलं असतं आणि त्याचे फोटो जवळपास कोणाकडेच नसतात. तिथे आवर्जून जा.

आता हातातलं काम. समोरून फोटो घेताना कॅमेरा वर तिरपा केलास की वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा मागे सरक, समोरच्या घरी विचारून त्यांच्या माडीवर चढ आणि पडद्यावरच्या जाळीरेषा चालू ठेव. एका घराचे निदान पाच फोटो हवेत: गल्लीसकट लांबून, समोरून सरळ, दरवाजा, आतला चौक आणि जोडकाम. या जोडकामावर जीव लाव. सागवानी खांब खालच्या दगडी तळखड्यावर कसा बसलाय, वर तुळई कशी टेकलीय, कवेलूखाली बांबू आहेत की फळ्या, हे जवळून घे. बाजूला साधी फूटपट्टी ठेव, म्हणजे माप आपोआप नोंदलं जातं. उत्खननातही असंच करतात. पितळेची भांडी घडवणाऱ्याकडे गेलीस तर फ्लॅश मारू नकोस. दारातून येणाऱ्या उजेडात ठोके पडलेला गुंड ठेवायला सांग. एकेक ठोका दिसतो.

उन्हाचं गणित तुला सांगायला नको. आपला उन्हाळा माणसाला आणि कॅमेऱ्याला दोघांनाही छळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. पवनी मात्र दोन ऋतूंत कर. तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, असं ते गाव. उन्हाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. पावसाळ्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की त्याच पायऱ्या पाण्यात जातात. दोन्ही वेळा उभं राहण्याची जागा एकच ठेव. ऑगस्ट २०२०च्या पुरासारखं पाणी असेल तेव्हा घाटावर उतरायचं नाही, फोटो गेला खड्ड्यात. अंबागडलाही एकटी जाऊ नकोस. सतराशेच्या सुमाराचा, बख्त बुलंद शाहाच्या काळातला तो डोंगरी किल्ला, भोवती जंगल. सोबत घे आणि अंधाराआधी खाली ये.

शेवटची गोष्ट सगळेच टाळतात, नोंद. पवनीत जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनन केलं, दोन हजार वर्षांहून जुने स्तूप सापडले. आज नुसती टेकडी बघून कोणाला काय कळणार? १९७२च्या त्यांच्या अहवालात फोटो, नकाशे, मापं आहेत, म्हणून कळतं. तूही रोज रात्री, झोपण्याआधी, लिहून ठेव: तारीख, गाव, वॉर्ड, गल्ली, दरवाजा कुठल्या दिशेला, घरच्यांनी काय सांगितलं. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असंच लिही. ‘तीनशे वर्षांचा वाडा’ असं कोणीही सांगतं. फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, आणि एक छापील प्रत त्या घरी नेऊन दे. तेवढ्याने पुढच्या चार घरांची दारं उघडतात.

तेव्हा अजिंठा राहू दे पुढच्या दिवाळीला. या रविवारी आपल्याच गल्लीतल्या सगळ्यात जुन्या घरापासून सुरुवात कर. आणि हो, जाताना आईला सोबत ने. तिला सगळी घरं नावानिशी माहीत आहेत.