मध्यरात्रीची घंटा

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडजवळ बावीस खोल्यांचं लॉज आणि खाली जेवणघर, असा व्याप मी नऊ वर्षं सांभाळला. 'पर्यावरणस्नेही हॉटेल' अशी पाटी लावायची हौस मलाही होती. पाटी राहूनच गेली. शिकायला मात्र मिळालं.

१. कार्ड टांगून पाणी वाचत नाही.
'टॉवेल पुन्हा वापरा' अशी कार्डं प्रत्येक बाथरूममध्ये लावली. धुण्याचा ढीग तेवढाच राहिला. शेवटी प्लंबरला घेऊन सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, तर सात फ्लश रात्रंदिवस गळत होते. उपदेश पाहुण्यांना, गळती माझी! कावेरीचा हा मुलूख हिरवागार, म्हणून पाण्याची ददात नाही असं वाटतं. पण कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी शेतीसाठी १२ जूनला सोडायची प्रथा पाऊस कमी झाला की मोडते. तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, आवारातलं पावसाचं पाणी शेजारच्या शिवगंगा तळ्यात नेणारे लोक आपल्यापेक्षा शहाणे होते.

२. केळीचं पान म्हणजे कचरापेटी नव्हे.
पानावर जेवण वाढलं की ताटं घासायचं पाणी वाचतं, आणि उष्टी पानं गवळी गाईंसाठी नेतो. एके दिवशी त्याने नेणं बंद केलं. पानांत लोणच्याची प्लॅस्टिकची पाकिटं आणि टूथपिक गुंडाळलेल्या सापडत होत्या. तमिळनाडूत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर १ जानेवारी २०१९ पासून बंदी आहे, पण पाकिटं आमच्याकडे येतच होती. मी लोणचं बरणीतून वाढायला लावलं. आठवड्याने गवळी परत आला.

३. मोठा डाव म्हणजे मोठं मन नव्हे.
आमचे वाढपी पहिल्याच खेपेला पानावर भाताचा डोंगर रचत. निम्मा टाकला जाई. डाव लहान केले आणि खेपा वाढवल्या. सांबाराला एकदा, रसमला एकदा, ताकाला एकदा, दरवेळी विचारूनच भात. गिऱ्हाईक उलट खूश, कारण कोणीतरी चौकशी करतंय. तांदळाचं पोतं जास्त दिवस पुरू लागलं.

४. उभ्या माणसाकडून हसू मागू नये.
काउंटरवरचा मुलगा बारा तास उभा असे. बसला तर आळशी दिसेल, ही माझीच समजूत. २०२१ मध्ये तमिळनाडूने कायदा दुरुस्त करून दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं, तेव्हा मी खुर्ची आणली. सौरदिवे लावून नोकरांचे पाय सुजवणाऱ्या हॉटेलाला जबाबदार कसं म्हणायचं?

५. शेवटचा माणूस जेवला का, ते पाहावं.
तंजावूरच्या भोसले राजांनी वाटसरूंसाठी छत्रं (धर्मशाळा) बांधली. सरफोजीराजांनी १८०२ मध्ये ओरत्तनाडूला बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. त्याआधी वर्षभर, १८०१ मध्ये, त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला छत्रांची रीत लिहून कळवली होती. मध्यरात्री घंटा वाजवायची, ज्यांचं जेवण राहिलं असेल त्यांना हाकारायचं आणि त्यांच्यासाठी शिजवलेला भात वाढायचा. तो धर्म होता. मला त्यात पक्का हिशेबही दिसला: कोणी उपाशी झोपू नये आणि शिजवलेलं वाया जाऊ नये.

आमच्याकडे घंटा नव्हती. रात्री दहाला आचारी पातेल्यावर पळी वाजवू लागला. उरलेला भात आणि सांबार निम्म्या दरात, खिशात पैसे नसतील तर तसंच. पहिल्या रात्री कोणी फिरकलं नाही. पंधरवड्यात स्टँडवरचे हमाल पावणेदहालाच पायरीवर येऊन बसू लागले, आणि पळी वाजायला उशीर झाला तर आतल्या आचाऱ्याला हाक मारू लागले.