पंप पाठीवर घेण्याआधी

दुकानात जाऊन नुसतं 'तणाचं औषध द्या' म्हणू नकोस गं. आधी सांग, कापूस आहे आणि सहा तासांमागे, म्हणजे ओळींमागे, तुरीचं एक तास आहे. पेरून किती दिवस झाले ते सांग. गवत माजलंय की केना, कुरडू, माठ, तेही सांग. एवढं सांगितल्याशिवाय दुकानदार देईल ती बाटली त्याच्या सोयीची असेल, तुझ्या रानाची नाही.

तणनाशक मारूच नको, असं मी म्हणणार नाही. तुझे मालक गाडीवर बाहेर, सासूबाईंना वाकवत नाही, आणि पाऊस लागून राहिला की वापसा येत नाही. कोळपं घालता येत नाही, खुरपायला बाया मिळत नाहीत. कापसाचे पहिले साठ दिवस तणात गेले की नंतर कितीही खत टाक, झाड अंग धरत नाही. अडचण खरी आहे, म्हणूनच नीट ऐक.

क्विझालोफॉप इथाईल फक्त गवतवर्गातलं मारतं. कापूस, तूर, सोयाबीन तरतात, पण बांधाला लावलेली बाजरी किंवा मका त्यात जाईल. आणि लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो या औषधाला दाद देत नाही. पायरिथिओबॅक सोडियम हे कापसातल्या रुंद पानांच्या तणासाठी. दोन्ही एकत्र असलेली तयार बाटलीही मिळते आणि तीच बहुतेक तुझ्या हातात ठेवतील. ती कापसाच्या तासांत चालेल. तुरीच्या तासाला मात्र खुरपंच लाव, तिथं नोझल फिरवू नकोस. सोयाबीनचं इमॅझेथापायर उरलंय म्हणून ते कापसात मारायचं तर मनातही आणू नकोस.

वेळही साधावी लागते. तण दोन ते चार पानांवर असतं तेव्हाच ही औषधं काम करतात. गुडघ्याएवढं झाल्यावर लोक मात्रा वाढवतात, मग तण पिवळं पडून पुन्हा फुटतं आणि पीकही आखडतं. पुढच्या वर्षी पेरणीबरोबरच पेंडिमेथॅलिनचा विचार कर. पेरल्यापासून दोन दिवसांच्या आत, बी उगवायच्या आधी, जमिनीत ओल असताना. ते मारताना मागंमागं सरत जायचं, म्हणजे फवारलेल्या मातीवर आपला पाय पडत नाही आणि वरचा थर मोडत नाही.

मापाचं सांगते, कारण निम्मं नुकसान इथंच होतं. झाकणानं औषध ओतायची सवय आपल्याकडं घरोघर आहे. तू तसं करू नकोस. उदाहरणाला सोयाबीनचं इमॅझेथापायर 10 टक्के घे. पंधरा ते वीस दिवसांचं पीक असताना ते एकरी 400 मिली लागतं. एकरात 40 गुंठे, म्हणजे गुंठ्याला 10 मिली. आता पंपात नुसतं साधं पाणी भर आणि एक गुंठा मोजून, तुझ्या नेहमीच्या चालीनं फवार. 5 लिटर पाणी गेलं, तर 15 लिटरच्या पंपाला 30 मिली औषध. तू भरभर चालतेस, पाणी 4 लिटरच गेलं, तर त्याच पंपाला साडेसदतीस. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून शेजारणीचं माप आपल्याला चालत नाही. इंजेक्शनची सिरिंज दहा-वीस रुपयांना मिळते, ती औषधासाठी वेगळीच ठेव. नोझल पंख्यासारखी पसरणारी, फ्लॅट फॅन म्हणून माग. वारं सुटायच्या आत, सकाळी उरकून घे.

पंपाचं तर मी तुला शपथ घालून सांगते. तुमच्या माजलगावच्या कालव्याकाठी सगळीकडं ऊस. उसात टू-फोर-डी मारतात. तोच पंप नुसता विसळून कापसात आणला, तर तळाला राहिलेल्या थेंबांनी कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शेंडा वळतो. बाया म्हणतात रोग पडला. रोग नसतो तो. शेजारच्या उसातून वाऱ्यानं आलं तरी हेच होतं. म्हणून उसाला गेलेला पंप उसनवारीनं आणूच नकोस, आणि शेजाऱ्यांना आधीच गोडीत सांगून ठेव, आमच्या बाजूला वारं असलं तर त्या दिवशी मारू नका म्हणून.

कोणी 'तणाचं बी' किंवा चोर बीटी म्हणून कापसाचं पाकीट देईल. वरून ग्लायफोसेट मारलं तरी कापूस मरत नाही, म्हणेल. 2019 च्या जूनमध्ये अकोल्याकडं अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे लावून आंदोलन केलं होतं. त्यांची मागणी त्यांच्या जागी. पण त्या बियाण्याला मान्यता नाही, पावती मिळत नाही. उगवलं नाही तर तू दाद कुणाकडं मागणार? ग्लायफोसेटवरही केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्ये बंधन घातलं, फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वापरायचं म्हणून. आणि पॅराक्वाट घरात आणू नकोस. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. लेकरांचं घर आहे तुझं.

आता तुझ्या अंगाचं. फवारणारा गडी लावलास तरी पाणी तू आणणार, औषध तू कालवणार, संध्याकाळी त्याचे कपडे तूच धुणार. लुगड्यावर मालकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढव, हातमोजे घाल, कपडे वेगळ्या बादलीत धू. दिवस गेलेले असतील तर त्या रानात पायच ठेवू नकोस. मळमळलं, डोळे चुरचुरले तर उन्हाचं आहे म्हणून निजू नकोस. बाटली सोबत घे आणि सरळ अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठ. फवारलेल्या रानातला तांदुळजा, घोळ, कुरडूची भाजी खुडायची नाही आणि तिथलं गवत म्हशीपुढं टाकायचं नाही. बांधावर तर फवारूच नकोस, शेरडांचा चारा तोच आहे.

एक गोष्ट मनातली. आपल्याकडं खुरपणी म्हणजे बायांचा रोज. दसऱ्यानंतर ज्या ऊसतोडीला जातात, त्यांच्या हातात आषाढ-श्रावणात हाच पैसा खेळतो. म्हणून एक फवारा मार, पण तुरीच्या तासाची आणि मागं राहिलेल्या लव्हाळ्याची एक खुरपणी त्यांच्याकडूनच करून घे. लव्हाळ्याच्या गाठी उकरायला खुरप्यासारखं काही नाही, आणि पुढच्या सालीही तुला त्या लागणारच आहेत.

अडलं तर आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आणि गेवराईच्या खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीच्या विद्यापीठाची कृषी दैनंदिनीही मागवून ठेव. पण आधी बाटलीच्या लेबलचा फोटो मला पाठव, पक्की पावती घे, आणि मी बघून सांगेपर्यंत सील तोडू नकोस.