नाचण : झुडपांच्या छायेतील कीटकभक्षक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. या नगरातील कॅम्प ५ ची दाट वस्ती मागे टाकली की दक्षिणेस मलंगगडाचे डोंगर व पूर्वेस, बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या परिसरातील वने लागतात. अशा वनांत व दाट छायेच्या जुन्या बागांत वावरणारा एक लहानसा रहिवासी पक्षी म्हणजे नाचण होय.

नाचण शेपटीसह सुमारे १७ सेंटिमीटर लांब असतो. शेपटी वगळल्यास तो चिमणीहून लहानच भरेल. पाठ गडद राखी, भुवई पांढरी, गळा पांढरा आणि छातीवरील काळसर पट्ट्यावर पांढरे ठिपके, असे याचे रूप असते. नर व मादी दिसावयास सारखेच असतात. शास्त्रीय परिभाषेत याच्या प्रजातीस ‘ऱ्हिपिड्युरा’ म्हणतात. पंख्यासारखी शेपटी असलेला, असा या ग्रीक शब्दांचा अर्थ आहे.

नृत्याचा हेतू

शेपटी उलगडून, पंख किंचित खाली सोडून, कधी या अंगावर तर कधी त्या अंगावर वळत हा पक्षी फांदीवर सतत हालचाल करीत असतो. पाहणाऱ्यास हे नृत्य वाटते. प्रत्यक्षात ही त्याची अन्न मिळविण्याची रीत आहे. शेपटीच्या उघडझापीने पानांआड दडलेले कीटक दचकून उडतात. लगेच नाचण हवेत लहानसा वळसा घेऊन त्यांना टिपतो व पुन्हा सावलीत परततो. माश्या, डास व इतर बारीक कीटक हे याचे मुख्य खाद्य. नर-मादीची जोडी ठराविक टापूतच राहते. पाच-सहा सुरांची याची गोड शीळ त्या टापूत वारंवार ऐकू येते.

घरटे व संगोपन

विणीचा हंगाम साधारणतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालतो. झुडपाच्या वा लहान झाडाच्या दुबेळक्यात, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी, बारीक गवत व तंतू यांचे पेल्यासारखे सुबक घरटे बांधले जाते. बाहेरून त्यावर कोळ्याच्या जाळ्याचा लेप असतो. मादी बहुधा तीन अंडी घालते. घरटे बांधणे, अंडी उबविणे व पिलांना भरविणे ही कामे दोघेही वाटून घेतात. घरट्याजवळ आलेल्या मोठ्या पक्ष्यांवरही ही चिमुकली जोडी धावून जाते.

धोका कशाचा?

नाचणाचे सारे जीवन झाडांच्या खालच्या थरात, म्हणजे झुडपे, वेली व खालच्या फांद्या यांत चालते. वनातील उंच वृक्ष शाबूत राहिले, पण खालची करवंदीची व इतर झुडपे साफ झाली, तर त्याची शिकारीची व घरट्याची जागाच नाहीशी होते. उन्हाळ्यात डोंगरउतारावर पेटणारे वणवे नेमके विणीच्या दिवसांत येतात. पूर्ण वाढलेला पक्षी उडून जाईल. घरट्यातील पिलांना ती सोय नाही.

वृक्षारोपणाचा हिशेब सामान्यतः लावलेल्या रोपांच्या संख्येवर मांडला जातो. त्याच जागेवरील झुडपे निरुपयोगी समजून तोडली गेली, तर रोपांची संख्या वाढूनही नाचणास ती जागा परकीच राहील.

करता येण्याजोगे

शाळेच्या, मंदिराच्या वा पंचायतीच्या आवारात कुंपणालगत झुडपांचा एक पट्टा राखणे, तेथे कीटकनाशके न फवारणे, पालापाचोळा न जाळणे आणि वणवा दिसताच वनकर्मचाऱ्यांस कळविणे, ही कामे फारशा खर्चावाचून होऊ शकतात. अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत समावेश होतो, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. घरटे दुरून पाहावे. हात लावू नये.

ज्या आवारात नाचणाची शीळ ऐकू येते, तेथे सावली, झुडपे व कीटक यांची साखळी अद्याप टिकून आहे असे समजावे. ती टिकविणे हे गावाच्या हाती आहे.