संगणकाचे शेततळे

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. येथे पाऊस बेताचाच पडतो. इ. स. १८८५ पासून नीरा डावा कालवा या भूमीला पाणी पुरवीत आला आहे. परंतु कालव्याचे पाणी रोज मिळत नाही, पाळी यावी लागते. म्हणून दूरदर्शी शेतकरी शेततळे भरून ठेवतो आणि पुढे गरजेप्रमाणे त्यातील पाणी पंपाने उचलून पिकाला देतो. मुलांनो, अशीच एक सोय संगणकातही असते. तिचे महत्त्व मला माझ्या नातीमुळे कळले.

माझी नात इंदापूर तालुक्यात राहते. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने उजनी जलाशयावर सचित्र लेख तयार केला होता. भिगवणचे रोहित पक्षी आणि पाणी ओसरले म्हणजे पुन्हा दर्शन देणारे पळसदेवचे प्राचीन मंदिर यांची अनेक चित्रे त्यात होती. प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी घरच्या जुन्या संगणकाने सूचना दिली : ‘स्मृती अपुरी आहे.’ लेख उघडेना. नवा संगणक घ्यावा, तर त्या वर्षी डाळिंबाचा बहार अवकाळी पावसाने गेलेला. वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून मुलगी म्हणाली, “आजोबा, नवा संगणक नको. याला काय झाले आहे, एवढे आपण पाहू या.”

आम्ही दोघे बसलो. संगणकाला दोन प्रकारचे साठे असतात. चालू काम ज्या स्मृतीत होते, तिला रॅम म्हणतात. ती अतिशय वेगवान, पण मर्यादित असते. दुसरा साठा डिस्कचा. तो मोठा, पण मंद. रॅम भरत आली, की संगणक तिच्यातील सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. या भागांना ‘पाने’ असेच म्हणतात. डिस्कवरील या राखीव जागेमुळे रॅम आहे त्याहून मोठी भासते. म्हणून या योजनेला आभासी स्मृती हे नाव मिळाले. ही युक्ती आजची नव्हे. इ. स. १९६२ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ‘ॲटलस’ संगणकात ती होती. त्या काळी वेगवान स्मृती फार महाग असे. म्हणून तिची पाने फिरत्या चुंबकीय ढोलावर ठेवीत.

आमचा संगणक ‘विंडोज’ प्रणालीवर चालणारा. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’, मग ‘परफॉर्मन्स’खालील ‘सेटिंग्ज’, पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ आणि शेवटी ‘व्हर्च्युअल मेमरी’खालील ‘चेंज’, असे एकेक दार उघडीत आम्ही गेलो. तेथे कारण सापडले. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून कोणीतरी पूर्वी या राखीव जागेला अवघी ५१२ मेगाबाइटची मर्यादा घातली होती. रॅम होती ४ गिगाबाइट, म्हणजे ४०९६ मेगाबाइट. शेततळे होते, पण ते हौदाएवढे! डिस्कवर मोकळी जागा पुरेशी आहे, हे आम्ही आधी पाहिले. नंतर आकार संगणकाने स्वतःच ठरवावा, हा पर्याय निवडला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. लेख उघडला!

आनंदाच्या भरात नातीने साऱ्या खिडक्या एकाच वेळी उघडल्या. सूचना आली नाही. पण संगणक गोगलगाईसारखा चालू लागला. डिस्कची घरघर थांबेना. “आता काय बिघडले?” तिने विचारले.

“बिघडले काहीच नाही,” मी म्हणालो. “रॅममधील पान मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो, फिरत्या डिस्कवरील पान मिळण्यास सुमारे शंभरावा. म्हणजे लाखपट वेळ! तू सगळी पाने एकदम मागितलीस. आता त्याचा सारा वेळ पाने नेण्या-आणण्यातच जातो. काम करणार कधी?”

ती क्षणभर विचारात पडली. मग तिने नको असलेल्या खिडक्या मिटल्या. संगणक पूर्ववत चालू लागला आणि रात्री नऊच्या सुमारास लेख पूर्ण झाला. निजण्यापूर्वी ती म्हणाली, “आजोबा, शेततळे बांधल्याने पाऊस वाढत नाही; आहे ते पाणी जपून वापरता येते, एवढेच. होय ना?”

मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

शब्दार्थ : बहार – फळझाडाला एका हंगामात येणारा फुलोरा व फळे. आभासी – प्रत्यक्ष नसून तसे भासणारे. पूर्ववत – पहिल्यासारखा.

प्रश्न :
१. रॅम आणि डिस्क यांतील भेद तुमच्या शब्दांत सांगा.
२. लेख का उघडत नव्हता? तो उघडल्यानंतर संगणक मंद का झाला?
३. नातीचे शेवटचे वाक्य तुमच्या घरातील आणखी कोणत्या गोष्टीला लागू पडते? पाच ओळी लिहा.