खवल्याच्या काठावर

ओट्यावर रोहूचे खवले पडले होते. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मावशीने एक धुतला, दोन काचपट्ट्यांत दाबला आणि मायक्रोस्कोप खिडकीपाशी ओढला.

मीनल : अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा दिसतायत गं!

मावशी : माशाच्या खवल्यांची संख्या साधारण ठरलेलीच असते. मासा वाढला की त्याच्याबरोबर प्रत्येक खवला काठाने वाढतो. वाढ जोरात असली की रेघा सुट्या, मंदावली की दाटीवाटीने. तो दाट पट्टा म्हणजे वर्षाची खूण.

मीनल : थंड देशात हिवाळ्यात वाढ मंदावेल, ठीक आहे. आपल्याकडे कुठला एवढा हिवाळा?

मावशी : थांब, आधी हे बघ. काल रात्री व्हिनेगरमध्ये ठेवलेला खवला. वाकव.

मीनल : अगदी लुळा पडलाय.

मावशी : क्षार विरघळले. आपल्या हाडादातांत असतं तेच कॅल्शियम फॉस्फेट. उरलं ते कोलॅजेन. त्याचे धागे थराथरांत, एक थर दुसऱ्याला आडवा, प्लायवूडसारखे. म्हणून खवला चिवट.

मीनल : बरं. पण ते वर्षाचं...

मावशी : मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवलायस कधी? खरखरतं, कारण ते खवले म्हणजे बारीक दातच. आत गर, भोवती डेंटिन. तांबोशीच्या खवल्याला कंगव्यासारखा काठ, रोहूचा गुळगुळीत. आमच्या कॉलेजात शेवटी शेवटी मुलं खवला न बघताच पुस्तकातली आकृती वहीत उतरवायची. प्रकार तोंडपाठ, बोटांना मात्र एकही ओळखीचा नाही! मला फार वाईट वाटायचं. मायक्रोस्कोप कपाटात कुलूपबंद. रॉबर्ट हुकने 1665 साली आपल्या पुस्तकात माशाच्या खवल्याचं चित्र दिलं, ते स्वतः डोळा लावून पाहिल्यावर!

मीनल : पण मावशी, अंडी घालताना वाढ थांबली तरी पट्टा पडेल, उपासमारीतही पडेल. मग वर्षाला दोन पडले तर?

मावशी : पडतात की. आपल्याकडे अनेकदा थंडीपेक्षा प्रजननाचीच खूण उमटते. म्हणून नुसते पट्टे मोजून वय सांगणाऱ्यावर मी चिडते. दर महिन्याला त्याच पाण्यातले बरेच मासे घ्यायचे आणि नवा पट्टा खवल्याच्या काठावर कधी येतो ते बघायचं. वर्षातून एकदाच, ठरावीक दिवसांत आला, तरच तो वर्षाचा.

मीनल : हं. काठच सांगेल. पण याच्या मधोमध तर रेघाच नाहीत. नुसता धुरकट ठिपका आहे.

मावशी : म्हणजे मूळचा खवला गळून नवा आलाय. भराभर वाढून जागा भरतो. आधीची वर्षं त्यात नसतात. वयासाठी बाद.

मीनल : मग दुसरा दे.

मावशी : तू काढ. पाठीच्या पराखालचा, बाजूच्या रेषेच्या वरचा. धू नीट, चिकट बुळबुळ जाऊ दे.