शोभेची झाडं घेण्याआधी पिशवीतली माती पाहा

"तुमची जमीनच खराब आहे, मॅडम." सगळे पैसे हातात पडल्यावर आमच्या बागेच्या ठेकेदाराने फोनवर मला दिलेलं हे उत्तर. बोर्ली पंचतनच्या ज्या परसात माझ्या सासूबाईंनी जन्मभर अबोली, कुंद, अनंत, सोनटक्का फुलवला, ती जमीन याच्या लेखी खराब. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. दिवेआगर, वेळास, श्रीवर्धनकडे हल्ली नव्या घरांपुढे आणि पर्यटकांच्या खोल्यांपुढे बागा करून देणारे बरेच जण फिरतात. निदान तुमचे पैसे तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. वरची सावली गेली आणि खालची अबोली, जाई पुढच्याच उन्हाळ्यात करपली. उघडं आवार बघवत नव्हतं. मुलांनी हट्ट धरला म्हणून घाटावरच्या एका ठेकेदाराला बोलावलं. मी त्याला सगळं आधी सांगितलं होतं: समुद्र चार-पाच किलोमीटरवर आहे, मे महिन्यात खारा वारा पानं जाळतो, जुलैत पाऊस उसंत घेत नाही, भातं निघाली की गुरं मोकाट असतात आणि वानरं कळ्या ओरबाडतात. कागदावर लिहूनही दिलं. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, गॅरंटी आपली."

टेम्पो भरून माल आला. ताटलीएवढ्या फुलांच्या संकरित जास्वंदी, कलमी गुलाब, बुटका एक्झोरा, रंगीत क्रोटन, आणि गडग्याच्या कडेने लावायला कोनोकार्पस. त्या दिवशी सगळं फुललेलं होतं. येणारेजाणारे थांबून बघत होते.

आषाढात पानं पिवळी पडायला लागली. फोन केला तर म्हणाला, खत कमी पडतंय, आणि एक पावडर पाठवून तिचे वेगळे पैसे घेतले. मग जास्वंदी एकेक करून माना टाकायला लागल्या. मेलेलं एक झाड उपटायला आमचा गडी वाकला आणि जोर न लावता, एका हाताने ते वर आलं. खाली पिशवीच्या आकाराचा काळ्या चिकट मातीचा गोळा, आणला तेव्हा होता तसाच. भोवतीच्या तांबड्या मातीत एक मूळ शिरलं नव्हतं. गड्याने गोळा दाबला तर पाणी निथळलं आणि कुजका वास आला. "वैनी, ही माती आपली नाय," तो म्हणाला. पुढचा गुलाब काढला, तर त्याची प्लास्टिकची पिशवीच काढलेली नव्हती. तळाला नुसती एक चीर देऊन पिशवीसकट खड्ड्यात बसवला होता. मी पायरीवर बसून राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कळलं की आमच्या जमिनीची आणि या झाडांची अजून गाठच पडलेली नाही, मग ती खराब ठरली कशी?

फोटो पाठवले. त्याने पाहिले, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या नंबरवरून फोन केला तेव्हा आधी म्हणाला, तुम्ही पाणी जास्त घातलंत. आषाढात कोकणात बागेला पाणी घालतं कोण? मग ते जमिनीचं वाक्य. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता त्या काळ्या मातीबद्दल. महाराष्ट्रात विकायला येणारी पुष्कळशी शोभेची झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून ट्रकने येतात. तिथली गोदाकाठची माती चिकट, प्रवासात गोळा फुटत नाही. आमची झाडं कुठून आली ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण माती त्याच जातीची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जांभ्याच्या तांबड्या मातीतून पाणी झरझर उतरतं, त्या गोळ्यात मात्र अडून राहतं आणि मुळं कुजतात. पाऊस संपला की तोच गोळा विटेसारखा आवळतो, घातलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि झाड तहानेने मरतं. म्हणून रोप घेण्याआधी पिशवीत बोट खुपसून माती पाहा. काळी, चिकट असेल तर एकतर घेऊ नका, किंवा आणल्यावर गोळा बादलीत भिजवून निम्मीअधिक माती हलक्या हाताने सोडवा. पिशवी तुमच्या डोळ्यांदेखत काढून घ्या. झाड खड्ड्यात खोल न बसवता जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर लावा. नाजूक झाडं गणपतीनंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर लावावीत. दिवाळीनंतर बुंध्याभोवती नारळाची सोडणं आणि पातेरा घातला की ओल टिकते.

काय लावावं? आमच्याकडे जे तगलं ते सांगते. साधी लाल एकेरी जास्वंद. वानरं तिच्या कळ्या खातात, पण ती पुन्हा फुटते. संकरित जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो, आणि औषध मारत बसावं लागतं. तगर तर कोणत्याही कोपऱ्यात येते. कुंपणाला कोरांटी चांगली, काट्यांमुळे गुरं लांब राहतात. वाऱ्याच्या तोंडावर कण्हेर लावा. खारा वारा ती सोसते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. लहान मुलं असतील तर कण्हेर, विशेषतः पिवळी आणि तिच्या बिया, घरापासून दूरच हव्यात. देवचाफ्याची फांदी महिनाभर सावलीत सुकवून लावली तरी जगते. अनंत आणि एक्झोरा यांना आपली आंबट माती मानवते, पण नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत ती लावू नका. गवंड्याने घमेली धुतलेल्या जागी चुना-सिमेंटमुळे त्यांची पानं पिवळी पडतात, आणि खत घालून ती सुधारत नाहीत. बोगनवेलीला पावसाळ्यात फुलं आली नाहीत म्हणून उपटू नका, ती कोरड्या दिवसांत फुलते, पाणी कमी दिलं की जास्तच. गुलाबाचा नाद आपल्या पावसात सोडून द्यावा, पानांवर काळे डाग पडून झाड नागवं होतं. अबोलीला अर्धी सावली लागते. आधी सावलीची सोय करा, मग ती आणा.

बाकी नेहमीचंच: फुललेलं झाड बघून भुलू नका, सगळी बाग एका दमात करू नका, शेजारच्या आवारात काय जगलंय ते बघा. रोपांसाठी बागमांडला-वेसवीच्या बोटीने पलीकडे जाऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चौकशी करावी.

कोनोकार्पस मात्र जोमाने वाढला. कुवेतहून परत आलेले आमचे शेजारी तो बघून म्हणाले, "वहिनी, हे कशाला लावलंत? तिकडे याची मुळं पाण्याच्या पाइपांत शिरतात." गुजरातने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे, परागांमुळे होणारा सर्दी-दम्याचा त्रास आणि मुळांमुळे होणारं नुकसान ही कारणं देऊन. आमच्या गडग्यापासून विहीर किती जवळ आहे ते ठेकेदाराने स्वतः पाहिलं होतं. तरी मुळांचा हा धोका त्याला सांगावासा वाटला नाही, याचा राग मला मेलेल्या जास्वंदींपेक्षा जास्त आहे. ही रांग आता मुळासकट काढायची मजुरी पुन्हा आमच्याच खिशातून.

तक्रार करायला गेले तर हातात होती कच्ची चिठ्ठी, तीही नावाशिवाय. पक्कं बिल मागितलं होतं, "नंतर देतो" म्हणाला. फळझाडांची कलमं विकायला आपल्या राज्यात १९६९ च्या कायद्याने परवाना लागतो. शोभेच्या झाडांना तो कायदा लागू नाही, त्यामुळे कागद हाच आपला आधार. प्रत्येक झाडाचं नाव, संख्या, किंमत आणि किती दिवसांत मेलं तर बदलून देणार हे बिलावर लिहून घ्या. लावणी चालू असताना फोटो काढून ठेवा. निम्मे पैसे पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा. हे सगळं असेल तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. बिल द्यायला जो कां-कू करतो, त्याच्याकडून एक रोपही घेऊ नका. तगर, देवचाफा आणि लाल जास्वंदीच्या फांद्या बोर्लीत कुणाच्याही आवारात मिळतील. मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही.