विद्यापीठाची ऊब आणि आपली मुले

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, हे आपल्या शाळेतील लहान मूलही सांगेल. ऊब कोंबडी देते. जीव मात्र अंड्यातच असतो. विद्यापीठातील इनक्युबेशन सेंटर, म्हणजेच नवउद्योगांचे उबवण केंद्र, याच न्यायाने चालते.

निवडलेल्या नवउद्योजकास तेथे ठराविक मुदतीपुरती अल्प भाड्यात जागा, प्रयोगशाळा व यंत्रे मिळतात. कंपनीची नोंदणी, हिशेब व पेटंट यांविषयी जाणकार सल्ला देतात. नमुना घडविण्यास बीजभांडवल मिळू शकते. बँका व ग्राहक यांच्याशी ओळख करून दिली जाते. उद्योग स्वतःच्या पायांवर उभा राहिला की त्याने जागा मोकळी करावयाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकपदाची तरतूद केली आहे.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याचे विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र स्थानिक उपजीविकेच्या प्रश्नांवर काम करते. मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. परंतु बांबू व मोहफूल कच्चेच बाहेर गेले, तर प्रक्रियेतून वाढणारे मोलही बाहेरच जाते. ते गावात राखणारा उद्योग उभा करणे, हे येथील उबवण केंद्राचे खरे कार्य होय.

परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय मांडला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. उणीव विद्वत्तेची नव्हती; समाजाने विश्वासच नाकारला होता. व्यापारी घरातील मुलास भांडवल, सल्ला व ओळख घरातच लाभते. आपल्या मुलांना ती विद्यापीठाने द्यावयास हवी. निवड केवळ सफाईदार इंग्रजीवर झाली, तर ज्यांना घरची ऊब आहे त्यांनाच पुन्हा ऊब मिळेल.

भगवान बुद्धांनी सिगालास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगास, दोन व्यवसायास, एक आपत्काळासाठी. सम्यक आजीविकेचा उद्योग हा धम्माचाच भाग आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास बाबासाहेबांकडून दीक्षा घेतलेल्यांची नातवंडे आज आमच्या वर्गांत बसतात. त्यांनी नोकरीचा अर्ज जरूर लिहावा. पण विद्यापीठाच्या या दारावरही निःसंकोच थाप मारावी. ते दार आपल्याही करातून उभे राहिले आहे.